लहान मैदान, जवळचे मैदान

२०१६ मध्ये मुंबई सिटी एफसीने नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममधला मुक्काम हलवला आणि अंधेरी पश्चिमेच्या शहाजीराजे भोसले क्रीडासंकुलातील मैदान घरचे मैदान म्हणून घेतले. इंडियन सुपर लीगचे पहिले दोन हंगाम क्लब ५५ हजार आसनांच्या वास्तूत खेळला होता. नवे घर जेमतेम सात-आठ हजारांचे. कागदावर ही सरळसरळ पीछेहाट दिसते, आणि भाडेकरार नव्याने करायची वेळ आली की क्लबांच्या बैठकांत अशा स्थलांतराला आजही माघार मानूनच विरोध होतो. आमचे मत वेगळे आहे. घरचे मैदान हंगामातल्या सर्वांत मोठ्या सामन्यावरून ठरवणे ही आपल्या फुटबॉल व्यवस्थापनातली जुनी खोड आहे. ते सर्वसाधारण सामन्यावरून ठरवायला हवे. मात्र ‘लहान’ आणि ‘लांब’ हे दोन वेगळे निर्णय असतात. स्थलांतराच्या चर्चेत त्यांची सरमिसळ होते आणि एकाच्या चुकीचे खापर दुसऱ्यावर फुटते.

आधी आकाराचा हिशेब पाहू. समजा, एखाद्या क्लबच्या साध्या सामन्याला आठ हजार माणसे येतात. पंचावन्न हजारांच्या मैदानात तिकीट आगाऊ काढण्याचे कारणच कोणाला उरत नाही. सामन्याच्या दिवशी खिडकीवर गेले तरी हवी ती जागा मिळते. त्यामुळे सीझन तिकीट विकले जात नाही, हंगामाआधी हातात रोकड येत नाही आणि स्टँड भरलेले दिसावेत म्हणून फुकट पास वाटावे लागतात. एकदा फुकट पासाची सवय लागली की त्याच माणसाला पुढच्या वर्षी तिकीट विकणे दुप्पट अवघड. खर्च मात्र मैदानाच्या मापाने चालतो. भाडे, फाटकांवरची माणसे, बंदोबस्त, दिवे, साफसफाई यांपैकी काहीही प्रेक्षक कमी आले म्हणून त्याच प्रमाणात कमी होत नाही. शिवाय दूरचित्रवाणीच्या पडद्यावर रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा दिसतात आणि प्रायोजक तेच चित्र पाहून पुढच्या वर्षीची बोली लावतो. तेच आठ हजार नऊ हजारांच्या मैदानात बसले, तर तिकिटाला पुन्हा किंमत येते.

याचा ठळक दाखला इटलीत सापडतो. १९९०च्या विश्वचषकासाठी तुरिनमध्ये उभारलेल्या स्टाडिओ देल्ले आल्पीची क्षमता ६९ हजारांच्या घरात होती. मैदानाभोवती धावपट्टी, त्यापलीकडे लांबवर स्टँड आणि वर्षानुवर्षे अर्ध्याहून अधिक रिकाम्या खुर्च्या, अशी त्याची अवस्था. २००१-०२च्या हंगामात इटालियन चषकातील सांप्दोरियाविरुद्धच्या सामन्याला तिथे अवघे २३७ प्रेक्षक होते, आणि यजमान होता युव्हेंटस, म्हणजे देशातला सर्वाधिक चाहत्यांचा क्लब! युव्हेंटसने ते मैदान पाडून त्याच जागी सुमारे ४१ हजारांचे, धावपट्टीविना आणि खेळाला अगदी लगटून असलेले मैदान बांधले. ते सप्टेंबर २०११ मध्ये खुले झाले, आणि त्या हंगामापासून क्लबने सलग नऊ वेळा लीग जिंकली. ही विजेतेपदे मैदानाने मिळवून दिली असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल; खेळाडू आणि प्रशिक्षक यांचे श्रेय खुर्च्यांना देता येत नाही. पण लाखो चाहत्यांचा क्लबही आसने कमी करून दुबळा होत नाही, एवढे त्यातून निश्चित सिद्ध होते.

भारतातला दाखलाही २०१६चाच आहे. १७ वर्षांखालील विश्वचषकाच्या तयारीसाठी सॉल्ट लेकचे प्रचंड मैदान बंद होते, म्हणून अॅटलेटिको दे कोलकाता त्या हंगामात दक्षिण कोलकात्याच्या छोट्या रवींद्र सरोवर मैदानावर खेळला. त्याच वर्षी मुंबई साखळीत पहिल्या क्रमांकावर राहिली, उपान्त्य फेरीत तिला कोलकात्यानेच रोखले आणि पुढे विजेतेपदही कोलकात्याने घेतले. लहान घरात गेलेल्या दोन्ही क्लबांचा हंगाम उत्तम गेला, यावरून नियम काढता येणार नाही. एका हंगामाच्या पुराव्याला तेवढे वजन नसते. प्रेक्षकांच्या जवळिकीचा खेळाशी संबंध मात्र कल्पनेतला नाही. मे २०२० मध्ये जर्मनीची बुंडेसलिगा रिकाम्या मैदानांत पुन्हा सुरू झाली, तेव्हा यजमानांच्या विजयांचे प्रमाण लक्षणीय घटले होते. आवाज नसला की घरच्या मैदानाचा फायदा पातळ होतो. नेरूळसारख्या, क्रिकेटच्या वर्तुळासाठी आखलेल्या मैदानात थोडे प्रेक्षक दूरवर विखुरले की त्यांचा आवाज खेळाडूंपर्यंत पोहोचणार तरी कसा?

आता दुसरा निर्णय, अंतराचा. इथे शिकागो फायर या अमेरिकी क्लबची कहाणी प्रत्येक क्लब-व्यवस्थापकाने अभ्यासावी अशी आहे. हा क्लब शहराच्या मध्यावर, तळ्याकाठच्या सोल्जर फील्डवर खेळे. नूतनीकरणानंतर तिथली क्षमता साडेएकसष्ट हजारांची होती. फुटबॉलच्या साध्या सामन्याला ती अवाढव्यच. म्हणून २००६ मध्ये क्लब शहराबाहेरच्या ब्रिजव्ह्यू या छोट्या उपनगरात, खास फुटबॉलसाठी बांधलेल्या सुमारे २० हजारांच्या मैदानात गेला. आकार अचूक, दृश्य उत्तम. पण शिकागोची शहरी रेल्वे ब्रिजव्ह्यूपर्यंत पोहोचत नाही. गाडी नसलेल्या तरुण प्रेक्षकाला रेल्वेच्या टोकाच्या स्थानकावरून बस धरावी लागे. प्रेक्षक रोडावले, आणि मैदानासाठी कर्जरोखे काढलेल्या त्या छोट्या गावावर कर्जाचा डोंगर उभा राहिला. अखेर २०१९ मध्ये साडेसहा कोटी डॉलरच्या आसपास रक्कम मोजून क्लबने करारातून सुटका करून घेतली आणि पुढच्या हंगामापासून तो सोल्जर फील्डवर परतला.

लहान मैदानाचे विरोधक हे उदाहरण नेहमी इथवरच सांगतात. त्याचा पुढचा भाग जास्त बोलका आहे. सोल्जर फील्डवर परतलेला क्लब तिथे कायम राहायला तयार नाही. २०२५ मध्ये मालक जो मन्सुएटो यांनी नवे मैदान स्वखर्चाने बांधण्याची घोषणा केली. त्याची क्षमता सुमारे २२ हजार, म्हणजे ब्रिजव्ह्यूएवढीच म्हणा ना. आणि जागा मात्र शहराच्या गाभ्याला लागून, नदीकाठी. दोन दशकांच्या फेऱ्यानंतर क्लब आसनांच्या त्याच आकड्यावर आला. बदलला तो फक्त पत्ता. ब्रिजव्ह्यूत आकार चुकला नव्हता, चुकली होती ती जागा.

या कसोटीवर अंधेरी कुठे बसते? ‘उपनगर’ हा शब्द इथे फसवा ठरतो. शिकागोत उपनगर म्हणजे महापालिकेच्या हद्दीबाहेरचे, मोटारीवर अवलंबून असलेले वेगळे गाव. मुंबईत उपनगर म्हणजे खुद्द शहराचा बहुसंख्य भाग. २०११च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३१ लाखांच्या आसपास होती, तर उपनगर जिल्ह्याची ९३ लाखांहून अधिक. पश्चिम उपनगरातून नेरूळ गाठायचे म्हणजे बहुतेकांना कुर्ल्याला किंवा वडाळ्याला गाडी बदलावी लागते. साडेसातचा सामना संपवून तसेच परतायचे म्हटल्यावर आठवड्याच्या मधल्या दिवशी कोण येणार? अंधेरीचे मैदान मात्र वर्सोवा-घाटकोपर मेट्रोच्या आझाद नगर स्थानकाजवळ आहे आणि ती मेट्रो पश्चिम व मध्य या दोन्ही रेल्वेमार्गांना जोडते. तेव्हा २०१६चे ते स्थलांतर ब्रिजव्ह्यूच्या नेमके उलट होते. क्लब शेजारच्या शहरातून प्रेक्षकांच्या वस्तीत आला. नकाशावरच्या किलोमीटरांना फारसा अर्थ नाही. शेवटची शिट्टी वाजल्यापासून घराचे दार उघडेपर्यंत किती मिनिटे लागतात, हे खरे अंतर.

आक्षेप उरतात, आणि ते वजनदार आहेत. पहिला मोठ्या दिवसाचा. ६ नोव्हेंबर २०२३ रोजी आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सौदी अरेबियाचा अल-हिलाल क्लब मुंबईत आला, तेव्हा अंधेरीच्या मैदानात मावतील त्याच्या कितीतरी पट लोक सामना पाहायला गेले. पण तो सामना डी. वाय. पाटीललाच झाला. एका दिवसापुरते मोठे मैदान भाड्याने घेता येते; वर्षभर पोसावे लागत नाही. लग्नाला कार्यालय घेतो म्हणून कोणी कार्यालयात संसार थाटत नाही. या प्रसंगाची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याच स्पर्धेतले बाकीचे घरचे सामने क्लबला पुण्यात बालेवाडीला न्यावे लागले. घरचा क्लब आशियाई पातळीवर खेळतो आणि त्याच्या चाहत्याला द्रुतगती मार्ग ओलांडावा लागतो, ही नामुष्कीच आहे. लहान मैदान म्हणजे निकृष्ट मैदान नव्हे. दिवे, खेळाडूंच्या खोल्या, खेळपट्टीचा पृष्ठभाग, माध्यमांची सोय हे सारे आंतरराष्ट्रीय निकषांना उतरले पाहिजे; काटकसर करायची ती फक्त खुर्च्यांत.

दुसरा आक्षेप वाढीचा: आज आठ हजार येतात, उद्या वीस हजार आले तर? कोचीत केरळ ब्लास्टर्सच्या पहिल्या हंगामांत कलूरचे मैदान पन्नास हजारांच्या आसपास प्रेक्षकांनी भरत असे. तिथे लहान मैदानाचा सल्ला देणे वेडेपणाचे ठरले असते, कारण तिथला सर्वसाधारण सामनाच मोठा होता. तत्त्व लहानपणाचे नाही, मापाचे आहे. प्रेक्षक वाढतात ते तिकीट संपल्याची पाटी लागल्यावर; रिकाम्या खुर्च्या त्यांना बोलावत नाहीत. दुर्मिळतेचा एक धोका मात्र खरा आहे, तो दरवाढीचा. जागा कमी म्हणून तिकीट महाग केले, तर ज्या पोरांमधून उद्याचा प्रेक्षक घडायचा तीच फाटकाबाहेर राहतील. म्हणून स्वस्त स्टँड आणि शालेय संघांच्या राखीव जागा करारातच लिहून ठेवाव्यात.

तिसरा मुद्दा आक्षेपाचा नाही, इशाऱ्याचा आहे. युव्हेंटसला लहान मैदान फळले, कारण जमिनीचा ९९ वर्षांचा हक्क त्याच्या हाती होता. क्लबला बांधता आले, बदलता आले, सामना नसलेल्या दिवशीही कमावता आले. अंधेरीचे संकुल महापालिकेचे आहे आणि आपल्याकडच्या बहुतेक मैदानांची मालकी अशीच सार्वजनिक आहे. वर्षावर्षाच्या करारावर राहणारा भाडेकरू भिंतीत खिळाही ठोकत नाही, मग स्टँड कोण सुधारणार? लहान मैदानाचा हिशेब जमतो तो मुदत लांब असेल तरच.

म्हणून क्लबचालकांना आणि महापालिकेच्या क्रीडा अधिकाऱ्यांना आमचे सांगणे थोडक्यात असे. पुढच्या करारावर सही करण्यापूर्वी तीन आकडे टेबलावर ठेवा: गेल्या हंगामातल्या साध्या सामन्यांना पैसे देऊन आलेले प्रेक्षक, रात्री साडेनऊनंतर त्यांना घरी पोहोचायला लागणारी मिनिटे आणि कराराची वर्षे. पहिला आकडा मैदानाचा आकार सांगेल, दुसरा जागा आणि तिसरा गुंतवणूक. मैदानाची एकूण आसनक्षमता हा आकडा त्यानंतर पाहिला तरी चालेल.