घोड्याच्या पायाखालचा 'आय'

अमेरिकेत नाणी जमवणाऱ्यांसमोर नुसतं 'सीसी' म्हणा, कान टवकारतात. १८७०चं वीस डॉलरचं सोन्याचं नाणं, कार्सन सिटीच्या टाकसाळीत पाडलेलं, अवघे ३,७८९ नग! गरुडाखालच्या त्या दोन अक्षरांसाठी लोक वेडे होतात.

असं अक्षर आपल्याकडेही आहे, बॉस. थेट फोर्टात. रिझर्व्ह बँकेसमोरची टाकसाळ माहितीये ना? (आपल्यातले निम्मे तिला सरकारी गोडाऊन समजतात.) १९१८ साली लंडनच्या रॉयल मिंटची शाखा इथे उघडली. महायुद्ध चालू, समुद्रात जर्मन पाणबुड्या, सोनं बोटीने पाठवायचं म्हणजे जुगारच. मग ठरलं, सॉव्हरिन मुंबईतच पाडा. त्याची तयारी होईपर्यंत तेवढ्याच वजनाची पंधरा रुपयांची सोन्याची मोहोर काढली, सुमारे २१ लाख. मग सॉव्हरिन, सुमारे १३ लाख. १९१९मध्ये शाखा बंद, खेळ खलास!

सॉव्हरिन म्हणजे आपल्या आजीची 'गिनी'. (खरी गिनी एकवीस शिलिंगांची, ही वीसची. पण आजीला कोण सांगणार?) २२ कॅरेट, आठ ग्रॅमला जरासं कमी. एकीकडे पंचम जॉर्ज, दुसरीकडे घोड्यावरून ड्रॅगनला मारणारा सेंट जॉर्ज. हे चित्र पिस्त्रुची नावाच्या इटालियन कारागिराचं, १८१७ सालचं. नीट बघा, या बहाद्दराच्या अंगात चिलखतच नाही! शिरस्त्राण, फडफडणारा झगा, बाकी स्वारी उघडीच. नाण्यावर किंमत नाही, मुंबईचं नाव नाही. फक्त सालाच्या वर, घोड्याखालच्या जमिनीच्या रेषेवर, खसखशीएवढा इंग्रजी 'आय'. इंडियाचा.

माझ्या लालबागच्या मावशीकडे दोन गिन्या होत्या. लेकीच्या लग्नात मोडून झुमके करायचे होते. सोनाराने वजन केलं, भाव सांगितला, विषय संपला. मी भिंग घेऊन पोचले. एक १९११ची, साधी. दुसरी १९१८ची, आणि 'आय' हजर!

"मावशी, ही आपल्या मुंबईत पाडलीये. मोडू नकोस."

"अगं, मग अक्षर काय कानात घालायचंय?"

मुद्दा चोख होता. लग्नाचा खर्च अक्षरांवर भागत नाही, आणि १३ लाख नग म्हणजे काही 'सीसी' नव्हे. पण दर लग्नसराईत काही मुशीत जातात, काहींना कडी डकवून गळ्यात घालतात, त्याची मोजदाद कोण ठेवणार? शेवटी तह झाला. १९११ची झुमक्यांत गेली. लेक म्हणाली, झुमके लहान चालतील, 'आय'वाली मला तशीच दे.

तुमच्याही घरच्या डब्यात गिनी असेल तर सोनाराआधी भिंगाखाली धरा. कडी डकवू नका, आणि चिंच लावून घासू तर अजिबात नका, जमवणारे घासलेल्या नाण्याला नाक मुरडतात. गिनी नसेल तर पाकिटातलं दोन रुपयांचं नाणं काढा. सालाखाली बारीक हिरा दिसला? तेही त्याच फोर्टातल्या टाकसाळीतलं.