दुखणे मनगटाचे की मानेचे?

भौतिकोपचाराची, म्हणजेच फिजिओथेरपीची, परीक्षा जवळ आली की विद्यार्थ्यांच्या वह्या नावांनी भरून जातात. फिंकेलस्टाइनची चाचणी, फॅलेनची चाचणी, टिनेलचे चिन्ह! पाठांतर वाईट नव्हे. परंतु तोंडी परीक्षेत परीक्षक समोर बसवतो तो रोगी असतो. वहीचे पान नव्हे. वाचकहो, आपल्या घरी असा परीक्षार्थी असो वा हाताने राबणारा माणूस असो, पुढील विवेचन दोघांनाही उपयोगी पडावे.

उदाहरणादाखल जयपूरला जाऊ. शहराच्या उत्तरेस, सीकर मार्गालगत विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्र आहे. देवांच्या कारागिराचे नाव लाभलेल्या या वसाहतीत लहानमोठे कारखाने दाटीने उभे आहेत. समजा, दिवसभर पान्याने नटबोल्ट आवळणारा तेथील एक कामगार उजवे मनगट धरून आला आहे. त्याला प्रथम काय विचारावे? चाचणीपूर्वी त्याला बोटाने दुखरी जागा दाखवावयास सांगावे, आणि पान्यावर त्याचा हात कसा फिरतो तेही करून दाखवावयास सांगावे. निम्मे निदान येथेच होते.

त्याने अंगठ्याच्या बाजूचे मनगट दाखवले, तर अंगठ्याच्या कंडरांभोवतीच्या आवरणाचा विकार संभवतो. स्विस शल्यविशारद द क्वेर्व्हें यांनी 1895 साली त्याचे वर्णन केले. फिंकेलस्टाइन यांची चाचणी 1930 सालची. तीत तपासणारा रोग्याचा अंगठा धरून हात करंगळीच्या बाजूस झुकवतो. अंगठा मुठीत घालून मनगट वाकवण्याची जी रीत सर्रास फिंकेलस्टाइनच्या नावे शिकवली जाते, ती वस्तुतः आयखॉफ यांची. आणि तिने निरोगी माणसासही कळ येते! शिवाय अंगठ्याच्या मुळाचा सांधा झिजला असला, तरी दुखणे जवळपास तेथेच असते. म्हणून तो सांधाही दाबून, फिरवून पाहावा.

मात्र दुखण्यापेक्षा मुंग्यांचीच तक्रार असेल, तर कोणत्या बोटांना, हे विचारल्यावाचून पुढे जाऊ नये. अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते, करंगळी वाचते, रात्री जाग येऊन हात झटकावा लागतो: हे मनगटातील मध्यवर्ती मज्जातंतू दाबला गेल्याचे लक्षण. फॅलेनच्या चाचणीत मनगटे सुमारे 60 सेकंद वाकवून ठेवली की याच मुंग्या उठतात. उलट करंगळी बधिर असेल, तर कोपराकडे पाहावे. आणि मान वळवताच कळ हातात उतरत असेल, तर मनगटावर पट्टा बांधून काय साधणार? मूळ मानेत आहे.

खांद्याचीही अशीच फसगत होते. हात वर जात नाही म्हणताच 'खांदा गोठला' असे बोलण्याची घाई नको. रोग्याचा हात आपण उचलून पाहावा. आपणही तो उचलू वा बाहेर वळवू शकलो नाही, तर सांधा आखडला असण्याचा संभव अधिक. आपल्या हाती तो सहज गेला व त्याच्याच बळाने जात नसेल, तर स्नायूची कंडरा फाटल्याची शंका घ्यावी. दोहोंचे उपचार निरनिराळे आहेत.

चुकीच्या नावाचा भुर्दंड कामगार भरतो. दाबलेला मज्जातंतू महिनोन्‌महिने तसाच राहिला, तर अंगठ्याखालचा मांसल उंचवटा सुकू लागतो, पकड सैल होते, हातातील पाना निसटतो. तेव्हा परीक्षार्थ्याने रोग्याचे दोन्ही तळवे शेजारी शेजारी ठेवून अवश्य पाहावेत. त्यास अर्धे मिनिट पुरते.