दुसरी पेटी

नाताळच्या भजनफेरीस निघतांना आमच्या मंडळींत दरवर्षीं एक वाद उपस्थित होतो : पेटी एक न्यावी कीं दोन? यंदां तो अंमळ तापला, म्हणून आमचें मत येथें मांडून ठेवितों.

एकपेटीवाल्यांचें म्हणणें असें कीं, दुसऱ्या पेटीपायीं गाडींतील एका गाणाऱ्या मुलाची जागा जाते. शिवाय प्रभूच्या कार्यास निघालेल्यांनीं इतका अविश्वास कां बाळगावा? पहिली हरकत खरी आहे. दुसरीस आमचें उत्तर एवढेंच कीं, दहा कुमारींपैकीं ज्यांनीं दिव्यांबरोबर भांड्यांतून तेल घेतलें, त्यांस शास्त्रांत शहाण्या म्हटलें आहे.

पेटी वरून धट्टीकट्टी दिसते. पण तिचा सारा आवाज पितळेच्या पातळ जिभांवर. धुळीचा कण अडकला कीं सूर मुका होतो, आणि आंतील झडप नीट बसली नाहीं तर हात उचलल्यावरही सूर वाजतच राहतो. तबला उतरला तर हातोडीनें चढवितां येतो. पेटी मात्र उघडून बसावें लागतें, आणि श्रोते तर समोर बसलेले!

गेल्या फेरींत एका गांवीं दुसऱ्याच पदाला मध्यमाचा सूर लागून राहिला, तो थांबेना. वाजविणारा नववींतील मुलगा घामाघूम झाला, लोक हसले. भजन टाळांवर पुरें झालें, आणि खरें सांगावयाचें तर वाईटही झालें नाहीं. परंतु तो मुलगा परतीच्या वाटेवर अक्षर बोलला नाहीं व पुढें पांच महिने पेटीला शिवला नाहीं. दोष झडपेचा, शिक्षा मुलास! खर्चाचा हिशेब मांडणारांनीं हाही खर्च धरावा.

१९८६ च्या जुलैंत अमेरिकेंतील टँगलवुड येथें १४ वर्षांची मिदोरी ही लेनर्ड बर्नस्टाइन यांची ‘सेरेनेड’ त्यांच्याच नेतृत्वाखालीं वाजवीत असतां तिच्या व्हायोलिनची तार तुटली. तिनें प्रमुख वादकाचें व्हायोलिन घेतलें. त्याचीही तार तुटली. मग तिसरें घेऊन तिनें रचना पुरी केली. हा दाखला आम्हांस विरुद्ध बाजूनें ऐकविण्यांत आला : तिनें कोठें दुसरें वाद्य आणलें होतें? नव्हतें आणलें, पण तिच्या पाठीशीं अख्खा वाद्यवृंद बसला होता. आमच्या मुलाच्या पाठीशीं टाळकरी तेवढे असतात.

मात्र अकरा महिने कपाटांत पडलेली पेटी ऐन वेळीं उचलून नेणें म्हणजे निव्वळ ओझें वाहणें होय. दोन्ही पेट्या एकाच वेळीं सुरांत लावून घ्याव्या, आणि शेवटचा आठवडा सराव दुसरीवरच करावा.

राहिला जागेचा प्रश्न. त्यासाठीं मुलगा कमी करूं नये. एका शिक्षकानें एस्. टी. नें यावें. यंदां तो मान आम्ही मागून घेतला आहे.