पडद्यावरील विरामचिन्हांची शिस्त

मोडी दप्तरांत शब्दांमध्ये अंतर न ठेवता आणि विरामचिन्हांवाचून सलग उतरणाऱ्या मराठी मजकुराची सवय मोडून, मेजर थॉमस कँडी यांनी 1850 साली ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहून आपल्या गद्याला जी शिस्त लावली, ती मुद्रित ग्रंथांनी यथावकाश आत्मसात केली. परंतु ज्या पडद्यावर आज सामान्य नागरिक दाखल्याचा अर्ज भरतो, विजेचे देयक चुकते करतो आणि बँकेतील शिल्लक तपासतो, त्या पडद्यावरील मराठी पाट्या या शिस्तीला पारख्या राहिल्या आहेत, ही खेदाची गोष्ट होय.

पडद्यावरचे विरामचिन्ह शोभेसाठी नसते; ते पुढे काय घडणार याची पूर्वसूचना देते. आज्ञेच्या अखेरीस तीन टिंबे असली तर ती तत्काळ अमलात न येता आधी काही तपशील विचारला जाईल, हा संकेत मॅकिंटॉश आणि विंडोज या दोन्ही प्रणालींनी पाळला. म्हणूनच ‘छापा…’ या आज्ञेवर निःशंकपणे बोट ठेवता येते, कारण प्रती किती आणि पृष्ठे कोणती हे ठरविण्याची सवड पुढे मिळणार असते. भाषांतरात ही टिंबे गळाली, की ही हमीही गळते. तसेच ‘जतन करा’ या बटणावर पूर्णविराम नको. मात्र अर्ज का नाकारला गेला हे पूर्ण वाक्यांत सांगणाऱ्या सूचनेत तो अवश्य हवा.

याहून गंभीर घोटाळा अपूर्णविरामाचा आहे. ‘नाव’, ‘पत्ता’ अशा रकान्यांच्या शीर्षकांपुढे त्याच्या जागी पुष्कळदा विसर्ग टंकलिखित होतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच भासले, तरी युनिकोडच्या कोष्टकात त्यांचे क्रमांक निराळे आहेत. विसर्ग हे उच्चारचिन्ह असून ते अक्षराचाच भाग बनते. परिणामी यंत्राच्या लेखी तो शब्दच बदलतो, शोध चुकू शकतो आणि पडद्याचे वाचन ऐकूनच व्यवहार करणाऱ्या अंध नागरिकाच्या कानी विकृत उच्चार पडू शकतो. शीर्षक रकान्याच्या वर स्वतंत्र ओळीत असेल, तर अपूर्णविराम सरळ वगळावा.

1960 साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने प्रशासनासाठी परिभाषा कोश सिद्ध केले. त्याच अधिकाराने त्याने या पाट्यांसाठी एक छोटी नियमावली तयार करावी, आणि शासनाने अ‍ॅप व संकेतस्थळांची कामे सोपविताना तिचे पालन करारनाम्यातच कलमबद्ध करावे.