विश्लेषण : रुग्णालयात संगणक आले, मग रांग का हटत नाही?

शासकीय रुग्णालयात नवी संगणक प्रणाली आली की ‘पेपरलेस’ कारभाराची घोषणा होते. रुग्णाचा अनुभव मात्र अनेकदा जुनाच राहतो. केसपेपरसाठी एक रांग, तपासणीसाठी दुसरी, अहवालासाठी तिसरी. नागपूरच्या ‘मेडिकल’ आणि ‘मेयो’ या दोन मोठ्या शासकीय रुग्णालयांचा अनुभव या संदर्भात बोलका आहे.

नागपुरात काय घडले?

मेडिकल म्हणजे १९४७ मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय. मेयो म्हणजे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय. विदर्भासह मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि तेलंगणातूनही येथे रुग्ण येतात. राज्यातील इतर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांप्रमाणे या दोन्ही ठिकाणी रुग्णांची नोंद ‘एचएमआयएस’ या संगणक प्रणालीवर होत असे. ती खासगी कंपनीमार्फत चालवली जात होती. जुलै २०२२ मध्ये ही सेवा बंद पडली आणि नोंदणी पुन्हा हाताने सुरू झाली. पुढे शासनाने राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ‘ई-हॉस्पिटल’ प्रणालीकडे मोर्चा वळवला.

प्रणाली बंद पडण्याचा फटका कोणाला बसतो?

सर्वाधिक फटका जुन्या रुग्णाला. मधुमेह, मूत्रपिंडविकार किंवा कर्करोगाच्या रुग्णाचे मागचे अहवाल आणि औषधांचे डोस डॉक्टरांना लगेच दिसणे आवश्यक असते. ते दिसत नसतील तर तपासण्या पुन्हा कराव्या लागतात. गडचिरोलीहून आलेल्या रुग्णासाठी त्याचा अर्थ नागपुरात आणखी एक मुक्काम आणि आणखी एक दिवसाची बुडालेली मजुरी.

संगणकाने उपचार खरेच सुधारतात का?

सुधारतात, पण आपोआप नाही. अमेरिकेतील दोन बालरुग्णालयांचे उदाहरण यासाठी दिले जाते. पिट्सबर्गच्या रुग्णालयाने ऑक्टोबर २००२ मध्ये डॉक्टरांच्या सूचना संगणकावर नोंदवण्याची पद्धत अवघ्या काही दिवसांत लागू केली. त्यानंतर इतर रुग्णालयांतून तेथे हलवलेल्या मुलांमधील मृत्यूचे प्रमाण २.८० टक्क्यांवरून ६.५७ टक्क्यांवर गेल्याचे २००५ मधील अभ्यासात आढळले. पूर्वी मूल वाटेत असतानाच औषधांची तयारी सुरू होई. नव्या पद्धतीत मूल पोहोचून त्याची नोंदणी झाल्याशिवाय सूचनाच देता येत नव्हती. गंभीर रुग्णाच्या बाबतीत ही मिनिटे मोलाची असतात.

याउलट, कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्डच्या बालरुग्णालयात २००७ मध्ये तशीच पद्धत आली आणि नंतरच्या काळात मृत्यूदर सुमारे २० टक्क्यांनी घटल्याचे २०१० मध्ये नोंदवले गेले. दोन्ही निष्कर्षांचे सारे श्रेय किंवा दोष एकट्या संगणकाला देता येणार नाही. मात्र प्रणाली कामाच्या पद्धतीत कशी बसवली जाते, यावर परिणाम ठरतो, हे त्यातून स्पष्ट होते.

आपल्याकडे अडते कुठे?

अनेकदा कागद आणि संगणक दोन्ही सोबत चालतात. परिचारिका आधी रजिस्टरमध्ये लिहिते, मग तेच संगणकावर भरते. काम कमी होण्याऐवजी दुप्पट होते. नोंदणी खिडकीवर संगणक असतो, पण प्रयोगशाळा, औषध विभाग आणि वॉर्ड त्याला जोडलेले नसतात. मग अहवालाचा कागद घेऊन धावण्याचे काम नातेवाइकांच्याच वाट्याला येते. ओपीडीत एका डॉक्टरसमोर शंभर रुग्ण असतील, तर मान खाली घालून टाइप करण्यास त्याला वेळ कुठून मिळणार? त्यासाठी डेटा एंट्री ऑपरेटर हवेत आणि त्यांची पदे मंजूर हवीत.

‘आभा’ क्रमांकाने प्रश्न सुटेल का?

काही अंशी. आयुष्मान भारत डिजिटल मिशनअंतर्गत मिळणाऱ्या १४ अंकी ‘आभा’ क्रमांकाने वेगवेगळ्या रुग्णालयांतील नोंदी रुग्णाच्या संमतीने एकत्र पाहता येतात. मोबाइलवर क्यूआर कोड स्कॅन करून केसपेपरचे टोकनही घेता येते. पण रुग्णालयाने नोंद डिजिटल केलीच नसेल, तर क्रमांकाला जोडणार काय? आणि ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही, त्याच्यासाठी साधी खिडकी उघडी राहिलीच पाहिजे.

धोका फक्त करार संपण्याचा आहे का?

नाही. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’वर सायबर हल्ला झाला आणि देशातील अग्रगण्य रुग्णालयाला अनेक दिवस हाताने काम करावे लागले. नागपूर आणि दिल्लीतील कारणे वेगळी होती, पण प्रणाली थांबली की रुग्णाची कोंडी होते, हे दोन्हीकडे दिसले.

मग काय करायला हवे?

पहिली गोष्ट, रुग्णांच्या नोंदींवर ताबा रुग्णालयाचा असावा. प्रणाली चालवणारा बदलला तरी सर्व नोंदी वापरता येतील अशा स्वरूपात परत मिळतील, ही अट करारात असलीच पाहिजे. दुसरी, सर्व्हर बंद पडल्यास काम कसे चालवायचे याचा सराव प्रत्येक विभागाने करावा. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, यशाचे मोजमाप बदलावे. किती संगणक बसवले आणि किती नोंदण्या झाल्या, हे आकडे पुरेसे नाहीत. केसपेपर काढल्यापासून डॉक्टर भेटेपर्यंत किती मिनिटे लागली, किती तपासण्या दुसऱ्यांदा कराव्या लागल्या, सुटी झाल्यावर डिस्चार्ज कार्ड हातात पडायला किती तास गेले, हे दर महिन्याला मोजून रुग्णालयाच्या दर्शनी फलकावर लावावे. हे आकडे घटले, तरच नव्या प्रणालीवरील खर्च सार्थकी लागला असे म्हणता येईल.