ज्याने आकडा वाढवला, त्यानेच हिशेबालाही बसावे

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाने लेखा विभागाच्या वर्षाला दोन तारखा बांधून दिल्या आहेत. २० फेब्रुवारीपर्यंत करांचे दर ठरायचे आणि ३१ मार्चपर्यंत महासभेत अंदाजपत्रक अंतिम व्हायचे. त्याआधी, कलम ९५ प्रमाणे आयुक्तांनी तयार केलेला जमाखर्चाचा अंदाज स्थायी समितीपुढे येतो आणि कलम ९६ प्रमाणे अंदाजपत्रक 'अ' ही समितीच तयार करते. समितीत सोळा नगरसेवक आणि त्यांच्यातून निवडलेला एक सभापती. कल्याण-डोंबिवलीत नोव्हेंबर २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून प्रशासकांचा कारभार असल्याने हा टप्पाच बंद पडला होता. १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले आणि सभागृहे पुन्हा भरली. आता अंदाजपत्रकावर निवडून आलेल्या माणसाचा शब्द पुन्हा चालणार आहे. आपल्यापैकी अनेक तरुण लेखाधिकाऱ्यांच्या नोकरीतला हा पहिलाच अनुभव असेल. म्हणून या अंकाची सुरुवात स्थायी समितीच्या सभापतिपदापासून करत आहोत.

आपल्याकडे राज्याचा खजिनदार लोक थेट निवडत नाहीत. राज्याचा वित्तमंत्री आमदार म्हणून निवडून येतो आणि मुख्यमंत्री त्याला खाते देतात. अमेरिकेत अनेक राज्यांत खजिनदार किंवा महालेखाधिकारी हे पद मतपत्रिकेवरच असते. न्यूयॉर्क राज्याचा महालेखाधिकारी चार वर्षांसाठी निवडला जातो, राज्याची लेखापरीक्षा करतो आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रचंड निवृत्तिवेतन निधीचा एकमेव विश्वस्तही तोच असतो. महाराष्ट्रात या पदाच्या जवळपास जाणारे काही शोधायचे झाले, तर ते मंत्रालयात सापडत नाही, पालिकेत सापडते. पैशांसाठीच निवडलेला, पैशांच्याच बैठका चालवणारा, अंदाजपत्रक स्वतःच्या सहीने महासभेत मांडणारा लोकप्रतिनिधी म्हणजे स्थायी समितीचा सभापती. ठाण्याचे अंदाजपत्रक आज ५ हजार कोटींच्या पुढे गेले आहे आणि कल्याण-डोंबिवलीचे ३ हजार कोटींच्या पुढे. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाख ४१ हजार होती आणि कल्याण-डोंबिवलीची १२ लाख ४७ हजार. एवढ्या लोकांच्या पैशाची जबाबदारी ज्या पदावर आहे, त्याची मुदत एक वर्ष आहे.

आमचा मुख्य आक्षेप या एका वर्षावर आहे.

समितीचे निम्मे सदस्य दर वर्षी निवृत्त होतात, पहिल्या वर्षी तर चिठ्ठ्या टाकून. सभापतीची निवडही दर वर्षी होते. व्यवहारात काय घडते ते आपण सगळे जाणतो. नवा सभापती येतो आणि पहिले काही महिने विषयपत्रिका समजून घेण्यात जातात. लेखाशीर्षे, मागील कामांचे दायित्व, अनामत रकमा, विशिष्ट कारणासाठी आलेले आणि इतरत्र वळवता न येणारे अनुदान हे सगळे एकदम डोक्यात बसत नाही. बसायला लागते तोवर फेब्रुवारी उजाडतो. आयुक्तांचा अंदाज हातात पडतो. सहकारी नगरसेवकांच्या मागण्यांचे कागद टेबलावर असतात. मग जमेची बाजू वाढवली जाते, कारण त्याशिवाय खर्चाच्या बाजूला नवी कामे घालता येत नाहीत. महासभेत त्यात आणखी भर पडते. वर्षअखेरीस वसुलीचा खरा आकडा समोर येतो तेव्हा खुर्चीत दुसराच सभापती असतो. त्याला आधीच्याच्या आकड्याबद्दल विचारून उपयोग नसतो आणि आधीच्याला विचारायची सोय नसते. अंदाज चुकल्याचा जाब कुणालाच द्यावा लागत नाही. काम झालेले असते, देयक थकते आणि कंत्राटदार लेखा विभागाच्या दारात येऊन उभा राहतो. तेव्हा उत्तर द्यायला उरतो तो लेखाधिकारी.

जमेच्या कोणत्या रकान्यात ही वाढ होते हेही सांगायला हवे. वस्तू आणि सेवा कराच्या भरपाईच्या अनुदानात ती होत नाही, कारण तो आकडा पालिकेच्या हातात नाही. ठाण्यात २०१३ साली जकात गेली आणि स्थानिक संस्था कर (एलबीटी) आला. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपेक्षा कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांना एलबीटीतून सूट मिळाली आणि १ जुलै २०१७ ला तो कर संपलाच. त्याच्या बदल्यात राज्याच्या २०१७ च्या भरपाई कायद्यानुसार २०१६-१७ हे पायाभूत वर्ष धरून दर वर्षी ८ टक्के वाढीने रक्कम मिळते. पगार आणि निवृत्तिवेतन बहुतांशी याच पैशाच्या भरवशावर चालते. सभापतीला वाढवायला जागा उरते ती मालमत्ता करात, पाणीपट्टीत आणि शहर विकास विभागाच्या उत्पन्नात. ठाण्यात शहर विकास विभागाचा आकडा घोडबंदर पट्ट्यातील बांधकामांवर हेलकावे खातो. बाजार तेजीत असला की विकास शुल्क आणि अधिमूल्य भरपूर येते, मंदी आली की तोच रकाना कोरडा पडतो. तरीही आदल्या चांगल्या वर्षाचा आकडा पुढच्या वर्षाचा पाया धरला जातो.

कल्याण-डोंबिवलीचे दुखणे वेगळे आहे. २७ गावे २००२ मध्ये पालिकेतून बाहेर गेली, १ जून २०१५ रोजी परत आली. २०२० मध्ये त्यातील १८ गावे वगळण्याचा निर्णय झाला आणि उच्च न्यायालयाने तो रद्द केला. या सगळ्या ये-जा करण्यात मागणी रजिस्टरावर काय परिणाम झाला असेल, हे तिथल्या कर विभागातील सहकाऱ्यांइतके कुणालाच ठाऊक नाही. गावांमध्ये पाणी, रस्ते, मलनिस्सारण यांवर खर्च करावा लागतो आणि करआकारणीला तिथे विरोध होत आला आहे. अनधिकृत बांधकामांवर कलम २६७अ प्रमाणे शास्ती लागते. ती मागणीत दिसते, पण वसुलीत उतरेलच असे नाही. मोकळ्या जमिनीवरील कराचा वाद तर या शहरात कैक वर्षे चालला. मागणीचा हा आकडा जसाच्या तसा जमेच्या बाजूला घेतला, तर अंदाजपत्रक कागदावर शिलकी राहते आणि प्रत्यक्षात बिले अडतात. थकबाकी फारच फुगली की व्याजात सवलत देणारी अभय योजना येते. तिच्यातून त्या वर्षी पैसा येतो हे खरे, पण वेळेवर भरणारा करदाता आपण उगाच घाई केली असे म्हणू लागतो. अभय योजनेचा प्रस्ताव समितीपुढे ठेवताना हा परिणाम टिपणीत लिहिणे हे आपले काम आहे.

या शहरांतले राजकारण याच समित्यांतून घडले आहे. डोंबिवलीचे रवींद्र चव्हाण २००५ मध्ये कल्याण-डोंबिवलीत नगरसेवक झाले, २००७ मध्ये स्थायी समितीचे सभापती आणि २००९ मध्ये आमदार. पुढे ते राज्याचे सार्वजनिक बांधकाम मंत्री झाले आणि २०२५ मध्ये भाजपचे प्रदेशाध्यक्ष. ठाण्यात एकनाथ शिंदे १९९७ मध्ये नगरसेवक, २००१ मध्ये सभागृह नेते आणि २००४ मध्ये आमदार झाले. २०२२ मध्ये ते मुख्यमंत्री झाले आणि डिसेंबर २०२४ पासून उपमुख्यमंत्री म्हणून नगरविकास खाते त्यांच्याकडे आहे. पालिकेच्या सभागृहातून वर जाण्यात गैर काहीच नाही. उलट राज्याच्या पातळीवर निर्णय घेणाऱ्यांना वॉर्डातल्या गटाराच्या देयकाचा अनुभव असणे चांगलेच. पण सभापतिपदाचे एक वर्ष पुढच्या पायरीची तयारी म्हणूनच घालवले गेले, तर त्या वर्षात वित्त हा विषय मागे राहतो. राज्यात याच्या उलट उदाहरण आहे. वित्तमंत्री म्हणून जयंत पाटील यांनी १९९९ ते २००८ या काळात सलग नऊ अर्थसंकल्प मांडले. ते अर्थसंकल्प आवडोत न आवडोत, मांडणारा माणूस पुढच्या वर्षी त्याच सभागृहात उत्तर द्यायला उभा होता. महापौराला अडीच वर्षे मिळतात. स्थायी समितीच्या सभापतीलाही निदान तेवढी मुदत मिळायला हवी. त्यासाठी अधिनियमात दुरुस्ती लागेल, आणि ती विधिमंडळात नेऊ शकतील अशी माणसे ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीने राज्याच्या राजकारणात पाठवली आहेत.

मुदत वाढवली की एका माणसाच्या हातात फार सत्ता एकवटेल, ही भीती आम्हाला ठाऊक आहे आणि ती पोकळ नाही. ठाणे महापालिकेतील कंत्राटांमधल्या टक्केवारीच्या चौकशीसाठी नंदलाल समिती नेमावी लागली होती, हे या शहराने विसरू नये. थेट निवडणूक आणि लांब मुदत यांनी प्रामाणिकपणा आपोआप येतो असेही नाही. न्यूयॉर्कचे महालेखाधिकारी ॲलन हेवेसी यांनी २००६ मध्ये पद सोडले आणि निवृत्तिवेतन निधीच्या गुंतवणुकीतील लाचखोरीबद्दल २०११ मध्ये त्यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. म्हणून मुदतीबरोबर तपासणी हवीच. आणि तपासणीची तरतूद आपल्या अधिनियमात पहिल्यापासून आहे, आपण ती वापरत नाही एवढेच.

कलम १०५ काढून पुन्हा वाचा. मुख्य लेखापरीक्षकाने पालिकेच्या हिशेबांची तपासणी दर आठवड्याला करून स्थायी समितीला अहवाल द्यायचा आहे. शिवाय समिती स्वतः, तिला वाटेल तेव्हा, स्वतंत्रपणे हिशेब तपासू शकते. त्यासाठी सर्व नोंदवह्या तिला खुल्या आहेत आणि विचारलेले स्पष्टीकरण आयुक्तांनी द्यायचे आहे. कलम १०६ प्रमाणे गंभीर अनियमितता आणि गतवर्षाच्या संपूर्ण हिशेबांचा अहवाल समितीकडेच जातो. एवढा अधिकार हातात असताना स्थायी समितीच्या बैठका निविदांच्या मंजुरीत संपतात आणि लेखापरीक्षणाचे विषय विषयपत्रिकेच्या शेवटी पडून राहतात. वर्षानुवर्षांचे प्रलंबित आक्षेप तसेच पुढे ढकलले जातात.

प्रशासकांच्या काळात तर ही साखळीच तुटली. आयुक्त हेच प्रशासक, म्हणजे अंदाज मांडणारे तेच आणि मंजूर करणारेही तेच. मुख्य लेखापरीक्षकाचा अहवाल ज्यांच्या कारभारावर, त्यांच्याच टेबलावर जायचा. आमच्या व्यवसायातील काही जण म्हणतात की ती वर्षे कामाला सोपी होती, अंदाजपत्रके वास्तवाला धरून होती, कुणी आकडे फुगवायला सांगत नव्हते. त्यात तथ्य आहे. तरीही आम्हाला ती सोय मान्य नाही. कर भरणाऱ्याने निवडलेल्या माणसासमोर हिशेब ठेवावा लागणे ही लेखाधिकाऱ्याची अडचण नव्हे, त्याच्या नोकरीचे ते कारण आहे.

म्हणून कायदा बदलण्याची वाट न पाहता आजपासून करता येतील अशा काही गोष्टी. जमेचा आकडा समितीत वाढला, तर लेखा विभागाने लेखी टिपणी द्यावी. त्या लेखाशीर्षाखाली गेल्या तीन वर्षांत मागणी किती, वसुली किती, चालू वर्षात डिसेंबरअखेर किती, एवढेच तीत असावे. आपले मत लिहायची गरज नाही, आकडे पुरेसे बोलतात. टिपणी ठरावासोबत इतिवृत्तात जोडली जावी असा आग्रह धरावा. मागील दायित्वाचा तक्ता अंदाजपत्रकाच्या पहिल्या काही पानांत यावा, परिशिष्टात नको. टीएमटी आणि केडीएमटी या दोन पालिकांच्या परिवहन उपक्रमांचे अंदाजपत्रक 'ब' परिवहन समितीकडून येते. त्याला पालिकेने द्यायच्या अनुदानाचा आकडा अंदाजपत्रक 'अ' मध्ये जो आहे त्याच्याशी जुळतो का, हे दोन्ही लेखाधिकाऱ्यांनी एकत्र बसून आधीच पाहावे. पंधराव्या वित्त आयोगाने अनुदानासाठी लेखापरीक्षित हिशेब जनतेसाठी खुले करण्याची अट घातली होती. त्या अटीमुळे तयार झालेली कागदपत्रे समितीच्या प्रत्येक नव्या सदस्याला पहिल्याच बैठकीत हातात द्यावीत.

आणि नव्याने स्थायीवर गेलेल्या नगरसेवकांपैकी कुणी हा अंक वाचत असेल तर त्यांना एक विनंती. आपल्या प्रभागातले काम अंदाजपत्रकात घालण्यासाठी आपण निवडून आलात, त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. फक्त ते काम घालताना आदल्या वर्षी मंजूर झालेली आपल्याच प्रभागातली कोणती कामे देयकासाठी थांबली आहेत, याची यादी लेखा विभागाकडे मागा. ती मागणे हा आपला हक्क आहे आणि ती देणे हे आमच्या वाचकांचे काम आहे. अशा यादीचा नमुना या अंकाच्या शेवटच्या पानावर दिला आहे. त्यात कामाचे नाव, मंजुरीचा ठराव, कार्यादेशाची तारीख, झालेले काम, दिलेली रक्कम आणि थकलेली रक्कम असे सहा रकाने आहेत. प्रत काढून वापरायला कुणाच्याही परवानगीची गरज नाही.