पहिलीतल्या मुलालाही समुपदेशक हवा

प्राथमिक शाळेत समुपदेशक नेमा म्हटले की पहिला आक्षेप ठरलेला असतो: सहा-सात वर्षांच्या पोराला कसला आलाय ताण? असे विचारणाऱ्यांनी बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या गावात दिवाळीनंतर जाऊन यावे. आईबाप फडावर गेलेले, मूल आजीपाशी नाहीतर हंगामी वसतिगृहात. पाच-सहा महिने असेच. एखादे मूल वर्गात बोलेनासे होते, एखादे अंथरूण ओले करू लागते, एखादे शेजारच्याला चावते. आईची आठवण येते, हे त्याला शब्दांत सांगता येत नाही. ते पोटदुखीतून, मारामारीतून, गैरहजेरीतून बाहेर पडते. ते ओळखायला त्याचे प्रशिक्षण घेतलेला माणूस लागतो. ‘आमच्या वेळी असले काही नव्हते’ म्हणणाऱ्यांच्या वेळीही अशी मुले होतीच. त्यांना मठ्ठ किंवा द्वाड ठरवून मागच्या रांगेत बसवले जाई, आणि त्यांतली कितीतरी चौथीच्या आत शाळेतून गळत.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: चांगला शिक्षक हाच मुलांचा समुपदेशक. साने गुरुजींच्या महाराष्ट्रात हे म्हणणे सहज पटते, आणि जीव लावणारे शिक्षक आजही आहेत. पण द्विशिक्षकी शाळेत दोघांनी चार वर्ग सांभाळायचे, पोषण आहाराचा हिशेब ठेवायचा, ऑनलाइन माहिती भरायची. एका मुलाजवळ अर्धा तास निवांत बसायला वेळ कुठून आणणार? वेळ मिळाला तरी मूळ अडचण उरतेच. शिक्षक मूल्यमापन करतो, रागावतो, पालकांना बोलावतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी केली, पण भीती शिक्षकाचीच किंवा शाळेतल्या एखाद्या मोठ्या माणसाची असेल, तर मुलाने जायचे कोणाकडे? २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत चिमुकल्या मुलींवर अत्याचाराची घटना घडल्यावर सीसीटीव्ही आणि तक्रारपेट्यांवर भर दिला गेला. चार वर्षांच्या मुलीला तक्रारपेटीत चिठ्ठी टाकता येत नाही. तिच्याशी बाहुल्या मांडून खेळणारे, तिच्या चित्रांकडे नेमाने बघणारे माणूस हवे. गुण देणे किंवा शिक्षा करणे हे त्या माणसाचे काम नसावे.

तिसरी भीती पालकांची: मुलावर शिक्का बसेल, घरचे चव्हाट्यावर येईल. ही भीती खोटी नाही. म्हणूनच समुपदेशकाने निवडक ‘बिघडलेल्या’ मुलांना खोलीत बोलावण्याऐवजी प्रत्येक वर्गात जाऊन खेळ, गोष्टी, गप्पा घ्याव्यात, म्हणजे त्याच्याशी बोलणे कुणाला वेगळे वाटणार नाही. निदान करणे हे त्याचे काम नाही. शंका आली की योग्य ठिकाणी पाठवणे हे त्याचे काम. अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आली, तरी वाचता न येणाऱ्या मुलाला आजही आळशीच म्हटले जाते. शिक्का तर तिथेच बसतो. मुलाने सांगितलेले गुपित पाळायचेच, पण अत्याचाराचा संशय आला तर पोक्सो कायद्यानुसार कळवणे बंधनकारक आहे, हेही पालकांना आधीच सांगावे.

राहिला पैसा. दहावीच्या मुलांची कलचाचणी आपण २०१६ पासून राज्यभर घेतली, म्हणजे मार्गदर्शनाचे महत्त्व सरकारला मान्य आहे. मग ते शाळेच्या शेवटच्या वर्षापर्यंत का थांबावे? वीस-तीस पटाच्या प्रत्येक शाळेला स्वतंत्र समुपदेशक कुणीच मागत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांची केंद्रे आहेतच; प्रत्येक केंद्राला एक समुपदेशक द्यावा, त्याचा शाळेत येण्याचा वार ठरलेला असावा. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही शाळा संकुलांसाठी समुपदेशकांचा उल्लेख आहे. मात्र हे पद अकरा महिन्यांच्या कंत्राटावर भरू नये. बोलायला धजावण्यातच काही मुलांचे वर्ष जाते, आणि पुढच्या जूनमध्ये त्यांना तोच चेहरा दिसला पाहिजे.